तुमच्या मताशिवाय काहीही नाही

दर रविवारी सकाळी अकरा वाजता जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचललं जायचं, ओल्या फडक्यानं टेबल पुसलं जायचं, मधोमध बिस्किटांची बशी यायची आणि त्या घरातली लोकशाही सुरू व्हायची.

लोकशाहीत माणसं चार. बाबा, चष्म्याच्या दुकानाचे मालक, लोकांचे डोळे तपासणारे. आई, फोनवरून लोकांची मतं गोळा करणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. थोरली, वय तेरा, जिच्या नाकाचा शेंडा त्या तासाभरात आपोआप वर चढायचा. आणि धाकटी, वय आठ. तिला घरीदारी सगळे मुंगी म्हणायचे, कारण बशीतली बिस्किटं ती एकेक करून कुठे पोचवते ते कुणाला कधी दिसलं नव्हतं.

पहिल्या सभेत बाबांनी आवाज असा साखरेत घोळवला होता की थोरलीचे दात आंबले.

"आई आणि मी आता वेगळे राहणार आहोत. पण एक लक्षात ठेवा. तुमच्या मताशिवाय काहीही ठरणार नाही."

"काहीही," आई म्हणाली.

"म्हणजे वेगळं राहायचं की नाही, हेसुद्धा?" थोरलीनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती दोघं एकमेकांकडे बघत होती, आणि तेही एका तेरा वर्षांच्या पोरीनं टाकलेला पेच सोडवायला.

"ते सोडून," बाबा म्हणाले.

"ते मोठ्यांचं आहे, बाळा," आई म्हणाली. "बाकी सगळं तुमचं."

बाकी सगळं म्हणजे काय, ते पुढच्या रविवारांत उलगडत गेलं. माशांची काचपेटी कुणाकडे जाणार, यावर तीन रविवार. आईच्या नव्या घरातले पडदे निळे की पांढरे, यावर एक. भिंतीवरचा चौघांचा मोठा फोटो कुणी न्यायचा, यावर अर्धा रविवार, कारण तो कुणालाच नको होता. आजीला ही बातमी फोनवर सांगायची की समोर जाऊन, हेही मुलींना विचारलं गेलं. मुंगी म्हणाली, "सांगूच नका." ते तीन विरुद्ध एक मतांनी फेटाळलं. थोरलीनं विरोधात मत दिलं होतं, कारण आजीला चार दिवसांपूर्वीच कळलंय हे तिला ठाऊक होतं. आजीनंच तिला फोन करून विचारलं होतं, "काय गं, तुझ्या आईबापांना आता म्हातारपणी शिंगं फुटली का?"

बुडणाऱ्या माणसाला, पाणी कुठल्या रंगाचं आवडेल, असं विचारावं, तशी ती सभा. आणि वर आई सगळं वहीत लिहून घ्यायची. मुद्दा, चर्चा, निर्णय. निर्णयाखाली रेघ.

*

या दोघांच्या पोटाचा धंदा एकच आहे, हे थोरलीला त्या दिवसांत कळलं. लोकांना मत विचारायचं. उत्तराची गरज दोघांनाही नव्हती.

शनिवारी ती दुकानात बसायची. गिऱ्हाईक आलं की आधी यंत्रापुढे हनुवटी टेकवायचं. आत लांब रस्त्याच्या टोकाला एक इवलंसं घर दिसतं, त्याच्याकडे बघत राहायचं, तोवर यंत्र डोळ्याचा नंबर सांगून मोकळं होतं. तो नंबर बाबा कार्डावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. मग गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवून, नाकावर ती जडशीळ चौकट चढवून, एकेक काच घालत, काढत सुरू करायचे.

"हे बरं, की हे?"

"हे."

"नीट बघा. आता हे, की मघाचं?"

माणसं जीव तोडून विचार करायची. आयुष्यात कुणी इतक्या आस्थेनं त्यांना काही विचारलं नव्हतं. काही जण माफी मागायचे, "चुकलं वाटतं माझं, पुन्हा दाखवता?" आणि बाबा पुन्हा दाखवायचे, हसत, न कंटाळता, आणि बोलता बोलता शंभरातल्या नव्वदांना बरोबर त्याच पेन्सिलीच्या नंबरावर आणून सोडायचे. मग वरून शाई फिरायची.

"यंत्रानं सांगितलंय तर विचारता कशाला?" तिनं एकदा विचारलं होतं.

बाबांनी डोळा मारला. "विचारलं की माणूस चष्मा परत आणत नाही, राणी. त्याला वाटतं, आपणच निवडलाय."

आईचं काम याहून साफ. टेबलाटेबलांवर मुली कानाला यंत्र लावून बसलेल्या आणि आईनं तयार केलेला कागद वाचत असलेल्या. "आमची सेवा आपल्याला कशी वाटली? उत्कृष्ट, फार छान, की छान?"

"आणि एखादा वाईट म्हणाला तर?"

"तर 'छान'मध्ये घालतो," आई म्हणाली होती. "वाईटाला रकाना नसतो."

एकमेकांना इतकं शोभणारं जोडपं दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. आणि नेमकं तेच मोडत होतं.

*

सहाव्या रविवारी सभा बाहेर भरली. आईनं नवं घर दाखवायला नेलं. तिसरा मजला, ओल्या रंगाचा वास, खिडकीखाली बसचा थांबा. मुंगी जी खिडकीला चिकटली ती चिकटलीच. तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. डावा डोळा आळशी, म्हणून चांगल्याला झाकून आळशाला कामाला लावायचं, रोज चार तास. त्या आळशी डोळ्यानं ती बसचे नंबर वाचत होती आणि बहुतेक चुकीचे वाचत होती.

"आणि ही मुलांची खोली!" आईनं दार ढकललं.

थोरली दारातच थांबून मोजायला लागली. पलंग एक, अजून प्लास्टिकमध्ये. टेबल एक. खुर्ची एक. दारामागे दोन खुंट्या, पण मुंगीचा हात टाचा उंचावूनही पोचणार नाही इतक्या वर.

"पलंग कुठल्या भिंतीला लावू या?" आईनं पर्समधून मापाची फीत काढली. "उजव्या की डाव्या? तुम्हीच ठरवा."

"दुसरा पलंग कुठाय?"

"हं," आई म्हणाली. "फारच छान प्रश्न."

"आणि उत्तर?"

"ते आपण रविवारी घेऊ."

"आज रविवारच आहे."

आईनं फीत सर्रकन आत जाऊ दिली. तेवढाच आवाज झाला त्या खोलीत.

दुपारी बाबांची पाळी. दुकानाच्या वरची खोली. तिथेही पलंग एकच, आणि असा आखूड की थोरली आडवी झाली असती तर गुडघ्यापासून खाली पाय अधांतरी. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला, वर मोठी अक्षरं, खाली खाली बारीक होत गेलेली.

"मुंगीच्या डोळ्याचा व्यायाम इथे रोज घेता येईल," बाबा म्हणाले. "काय मुंगे, चादरीवर ससे हवेत की तारे?"

मग थोरलीला आणखी काही विचारायचं उरलं नाही. काचपेटीतल्या माशांचं ठरायला तीन रविवार लागले होते. पोटच्या पोरींची वाटणी मात्र कुणी ओठही न हलवता उरकून टाकली होती. एक तुला, एक मला. थोरली अभ्यासाची, ती आईकडे. धाकटी डोळ्याची, ती बाबांकडे. हिशेब कसा स्वच्छ.

परतताना बसमध्ये मुंगी काचेवर बोटानं ताल धरून गुणगुणत होती. कुठे ऐकलेलं नव्हतं, तिचं तिनंच जुळवलेलं.

*एक होती मुंगी, तिला दोन दोन घरं,*
*एका घरी खिडकी, एका घरी वारं.*
*एका घरी भाऊ नाही, एका घरी बाई नाही,*
*मुंगी म्हणे बसते इथे, मला काही घाई नाही.*

"हे काय गं?" थोरलीनं विचारलं.

"काही नाही. आपल्याला कुठे भाऊ आहे? ते जुळतं म्हणून."

थोरलीनं मान बाहेर वळवली. आठ वर्षं दोघी एका खोलीत झोपत होत्या. झोपताना मुंगी पायाचा अंगठा थोरलीच्या पोटरीला लावून ठेवायची, गाठ मारल्यासारखा. थोरली लाथ मारून तो झटकायची, आणि झोप लागेपर्यंत तो परत आलेला असायचा. उद्या त्या अक्षरांच्या तक्त्याखाली, त्या आखूड पलंगावर, तो अंगठा कुणाला लावणार ही?

हे एवढंच होतं थोरलीचं मागणं. आईबाप एकत्र नकोत, नसूदेत. माणसं काय, काचेची भांडी, फुटायची ती फुटतात. पण मुंगी आणि ती एका छपराखाली हव्यात. आणि हे ती तोंडावर मागणार नव्हती. त्या बशीतल्या बिस्किटांपुढे तर मुळीच नाही.

*

मग न्यायालयातून फॉर्म आले, प्रत्येकीला एक. वर छापलेलं होतं, 'मुलाचे / मुलीचे म्हणणे. मुलाने / मुलीने स्वतः भरावे.'

थोरली शाळेतून आली तेव्हा तिचा फॉर्म टेबलावर होता, शेजारी निळ्या शाईचं पेन. आणि फॉर्म भरलेला होता. पेन्सिलीनं.

'मला आईसोबत राहायला आवडेल. माझ्या बहिणीला बाबांसोबत राहायला आवडेल. आम्ही दर पंधरा दिवसांनी भेटू. हा निर्णय मला मान्य आहे आणि मी आनंदी आहे.'

तिनं ते दोनदा वाचलं. मग मुंगीचा उचलला. तिथे मजकूर तोच, फक्त उलटा. अक्षर मात्र मोठं, मुद्दाम जरासं वाकडं काढलेलं, लहान मुलाचं वाटावं म्हणून.

"हे काय आहे?"

"काही नाही गं, अंदाज लिहिलाय," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज शोधावी तर बोटभरही सापडली नसती. "आता तू वरून शाईनं गिरव, म्हणजे झालं. पटलं नाही तर खोडरबर आहेच."

"मी आनंदी आहे?"

"ते मी घातलं," आतून आईचा आवाज आला. "आधी बाबांनी 'मला चालेल' लिहिलं होतं. फार कोरडं वाटत होतं."

"वा," थोरली म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी दोघांनी मिळून काहीतरी केलंत."

"टोमणे नकोत, राणी."

"टोमणा नाही, कौतुक. कसं वाटलं? उत्कृष्ट, फार छान, की छान?"

आई हात पुसत बाहेर आली.  मग बाबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली साखर उतरली.

"अगं, दोघी एकीकडे राहिल्यात तर दुसऱ्याच्या घरी कुणीच नाही. एखाद्या घरात रोज संध्याकाळी कुणीच नाही. कळतंय का तुला?"

कळलं. तेवढ्या क्षणापुरता तिच्या नाकाचा शेंडा खालीही आला. आणि मग लगेच वर गेला, कारण तिला दुसरंही कळलं. घर रिकामं दिसू नये म्हणून लोक कोपऱ्यात कुंडी ठेवतात. यांनी पोरी ठेवायच्या ठरवल्या होत्या. एकेका कोपऱ्यात एकेक.

"गिरवते," ती म्हणाली आणि दोन्ही फॉर्म घेऊन खोलीत गेली.

तिनं एक अक्षरही गिरवलं नाही. खोडलंही नाही. जसेच्या तसे घडी घालून दप्तरात ठेवले. मग मुंगीला जिन्यात बसवलं.

"परवा न्यायालयातल्या मॅडम विचारतील. तू म्हणायचं, मला ताईबरोबर राहायचंय, ताई जिथे तिथे मी. म्हण."

"मला ताईबरोबर राहायचंय, ताई जिथे तिथे मी. पण ताई—"

"पण नको. पण म्हटलं की मोठी माणसं त्या पणला लटकतात आणि सगळं खाली ओढतात. पुन्हा म्हण."

मुंगीनं पुन्हा म्हटलं. तीनदा म्हणवून घेतल्यावर थोरलीनं तिला खिशातलं बिस्कीट दिलं.

*

न्यायालयातल्या समुपदेशक मॅडमच्या खोलीत शिरतानाच थोरलीनं ती खोली निकालात काढली. टोकं मोडलेल्या रंगकांड्यांचा डबा. कान चघळून चघळून चिंधी झालेला कापडी हत्ती. भिंतीवर हसऱ्या सूर्याचं चित्र. आता ही बाई आवाज मऊ करणार आणि म्हणणार, तुझ्या मताशिवाय.

मॅडमना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बस. टेकून बसू नकोस, त्या खुर्चीचा पाय हलतो."

थोरलीनं फॉर्म पुढे सरकवले. मॅडमनी चष्मा वर-खाली करत वाचले.

"पेन्सिलीनं का?"

"बाबा आधी पेन्सिलीनं लिहितात. मग माणसाला विचारतात."

"आणि माणूस काय म्हणतो?"

"तेच."

मॅडमना हसू आलं आणि पाठोपाठ शिंक. "शेवटचं वाक्यही त्यांचंच?"

"ते आईचं."

"बरं. मग तुझं काय?"

इतक्या सरळ प्रश्नाची थोरलीला सवय नव्हती. तिनं आधी भिंतीकडे, मग हत्तीकडे पाहिलं.

"मुंगी आणि मी एका घरात. घर कुठलंही चालेल."

"आई की बाबा, काही नाही?"

"निवडण्यासारखं काही नाही त्यांच्यात."

"हे लिहू?"

"लिहा." पेन कागदावर टेकलं, तशी थोरली म्हणाली, "शेवटचं नका लिहू."

"आणि धाकटीचं म्हणणं?"

"तेच. मी सांगते ना. तिच्याकडून पक्कं करून घेतलंय."

"असं?" मॅडमनी रुमालाआडून तिच्याकडे पाहिलं. "पेन्सिलीनं की शाईनं?"

थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असला वार तिच्यावर आजवर कुणी केला नव्हता. ते तिचं काम होतं.

मुंगी आत आली. ताईला बसू द्यायचं का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बसू दे. पण तिनं बोलायचं नाही." मग हात पाठीमागे बांधून, शाळेत म्हणतात तसं, एका दमात म्हणाली, "मला ताईबरोबर राहायचंय ताई जिथे तिथे मी."

"छान. हे पाठ केलेलं झालं," मॅडम म्हणाल्या. "आता पाठ न केलेलं सांग."

मुंगीनं डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकवली, दोन्ही डोळ्यांनी मॅडमकडे नीट बघून घेतलं. मग थोरलीकडे.

"ताई हवी. पण रोज नको."

 एवढ्या एका वाक्यावर सगळं गेलं असतं. दाराबाहेरच्या बाकावर दोन माणसं बसली होती, एक फीत घेऊन, एक तक्ता घेऊन, आणि या एका वाक्यावर ती दोघं आनंदानं शाई फिरवून मोकळी झाली असती. एक शब्द पुरला असता. 'मुंगे, जिन्यात काय ठरलं होतं?' एवढंच. किंवा नुसता डोळा मोठा केला असता तरी. तिची जीभ दातांपर्यंत आली.

आणि तिनं ती दातांखाली धरली. का, ते तिलाही लगेच सांगता आलं नसतं. एवढंच, की त्या आलेल्या शब्दाचा आवाज तिला आतल्या आत ऐकू गेला आणि तो साखरेत घोळवलेला होता.

"रोज का नको?" मॅडमनी विचारलं.

"तिला माझं सगळं आधीच माहीत असतं. मला माहीत व्हायच्या आधी." मुंगीनं खांदे उडवले. "ती चांगली आहे. पण मी बोलायला लागले की ती पुढचं बोलून टाकते. मग मी काय करू? मी बिस्कीट खाते."

"मग किती दिवस हवी?"

मुंगी बोटं मोजायला लागली. एका हाताची मोजली, थांबली, खालचा ओठ चावला. थोरली बोटांकडे बघत राहिली. भिंतीवरचा सूर्य आपला हसतच होता.

"सहा," मुंगी म्हणाली. "सहा दिवस आईकडे, ताई आणि मी. तिथे खिडकीतून बस दिसते. आणि रविवारी मी एकटी बाबांकडे. ताई नको, मीटिंग नको. कुणी मला काही विचारायचं नाही. दिवसभर."

"आणि डोळ्याचा व्यायाम? बाबा घेतात ना रोज?"

"त्यांनी यायचं की तिकडे. मी सांगितलं ना, बस येते."

सहा रविवार, एक वही भरून निर्णय आणि किती पुडे बिस्किटं, देव जाणे. आणि दोन मोठ्या, शिकलेल्या, पोट भरायलाच लोकांची मतं विचारणाऱ्या माणसांना जे जमलं नव्हतं ते या पोरीनं मॅडमची पुढची शिंक यायच्या आत करून टाकलं. तिला कुणी थांबून विचारलं नव्हतं, एवढीच अडचण होती. त्या कुणीमध्ये थोरली होतीच.

*

आईबाबांना आत बोलावलं. मॅडमनी वाचून दाखवलं. वाचून व्हायच्या आतच बाबा म्हणाले, "पण आम्ही सगळं मुलींना विचारूनच केलंय, मॅडम. अगदी पडद्यांपासून."

मॅडमनी पेन्सिलीचे दोन्ही फॉर्म टेबलावर शेजारी शेजारी मांडले. आईची मान खाली गेली. बाबा वाकले, बघितलं आणि म्हणाले, "अरेच्चा, शाईनं करायचं राहिलं वाटतं."

हसावं की रडावं ते थोरलीला कळेना. म्हणून तिनं दोन्ही केलं नाही.

"माझ्या घरी दोन पलंग मावत नाहीत," आई हळूच म्हणाली. "माप घेतलंय मी."

"टेबल काढलं तर?" मॅडम म्हणाल्या.

 आईच्या कपाळावर ती खोली उभी राहिलेली दिसत होती, हा हलव, तो सरकव. "टेबल बाहेर नेता येईल," ती शेवटी म्हणाली. "हो. मावतील."

"म्हणजे माझ्याकडे..." बाबा म्हणाले आणि तिथेच थांबले.

"रविवारी मी आहे ना," मुंगी म्हणाली. "आणि तुम्ही रोज येणार आहात. किती वाजता येणार?"

 बाबा म्हणाले, "तू सांग." आणि नुसते बसून राहिले, कारण या वेळी त्यांना खरंच माहीत नव्हतं ती काय म्हणेल.

"सहाला. शाळेतून येऊन खाऊ झाला की."

"दुकान सातला बंद..." बाबा म्हणाले. मग मान हलवली. "बरं. सहाला."

थोरलीनं त्यांना एवढ्यावर माफ केलं नाही. आईलाही नाही. एवढ्यात आनंदी व्हायला ती काय फॉर्मवरची मुलगी होती? मॅडमनी कोऱ्या कागदावर दोघींचं म्हणणं उतरवलं आणि सही करायला सांगितलं तेव्हा मात्र ती एकही शब्द न बदलता सही करून मोकळी झाली. 'सहा दिवस' हे शब्द तिला तेवढे टोचले. तरीही केली.

बाहेर आल्यावर आईबाबा पायऱ्यांवर मागे राहिले, टेबल कुठे ठेवायचं यावर बोलत. भांडत नव्हती. भांडणार नाहीत असंही नव्हतं. दोघी पुढे फाटकापर्यंत गेल्या. ऊन चांगलंच चढलं होतं आणि रस्त्यावरून गाड्यांची रांग चालली होती.

"रविवारी तू करणार काय गं तिकडे?" थोरलीनं विचारलं. आवाज शक्य तितका सरळ ठेवून.

"काही नाही."

"काहीच नाही? दिवसभर?"

मुंगीनं पट्टी पुन्हा डोळ्यावर ओढली. "ताई, सगळं तुला सांगू का मी?"

थोरलीच्या जिभेवर पाच उत्तरं होती आणि पाचही झोंबणारी. रस्ता ओलांडायला जागा झाली. तिनं हात पुढे केला, पण धरला नाही. नुसता पुढे करून ठेवला. गाड्यांकडे त्या आळशी डोळ्यानं बघत मुंगी बराच वेळ उभी राहिली. जागा गेली, पुन्हा झाली, पुन्हा गेली.

थोरली थांबली.